व्हिसाआधी सत्कार

आमच्या गावात कोणी परदेशी निघालं की त्याचा सत्कार होतो. माझा तर व्हिसा यायच्या आधीच झाला. पाथर्डीहून जीपनं थोडं पुढं असलेल्या या गावात सत्काराला कारण लागत नाही, शाल असली की पुरते. कोणी तलाठी झालं, कोणी पोलीस भरतीत पळालं, कोणी नुसता ट्रॅक्टर घेतला, तरी चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर सत्कारमूर्तीचा फोटो बोटाएवढा आणि शुभेच्छुकांचे भाकरीएवढे असतात.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होते. देवाणघेवाणीच्या योजनेत एका सत्रासाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठात माझी निवड झाली. अर्ज मी एका विषयासाठी केला होता. जमिनीत लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खालच्या खडकात पाणी कुठं आहे ते ताडायचं. आमच्या कॉलेजात हे पुस्तकातून शिकवत. यंत्र कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात. आमच्याकडं दर उन्हाळ्यात टँकरमागं बायका पळतात, तेव्हा मला हे का शिकायचंय ते तिकडच्यांना अर्जातून समजलं. घरात कोणी विचारलंच नाही. थोरल्या काकांना एवढंच समजलं, की पुतणी विमानात बसणार.

हे तेच काका, ज्यांनी मी अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा माझ्या वडिलांना 'पोरगी डोक्यावर बसवून ठेवलीस' म्हणून सुनावलं होतं. आता ते शाली निवडायला स्वतः पाथर्डीला गेले. व्हिसा अजून आलेला नाही, हे मी त्यांना परत परत सांगितलं.

"आज न्हाई तर उद्या यील की," ते म्हणाले. "सायबांची तारीक काय रोज मिळती का?"

साहेब म्हणजे तालुक्यातले एक पुढारी. ते आले, त्यांनी माझ्या हातात नारळ दिला आणि भाषणात मला जपानला पाठवलं. कोणी दुरुस्त केलं नाही. मी ती उबदार शाल पांघरून भर उन्हात बसले होते आणि काका पहिल्या रांगेत मोबाईलनं स्वतःचाच व्हिडिओ काढत होते.

मग व्हिसा आलाच नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. दळण आणायला गेले तरी कोणी ना कोणी विचारायचं, "अजून हितंच का गं तू?" मला त्याचं काही वाटत नव्हतं. काकांना मात्र चौकात तोंड दाखवायची चोरी झाली. त्यांनी तोडगा काढला. मला पहाटेच्या एसटीनं भंडारदऱ्याजवळ मावशीकडं धाडलं आणि गावात सांगितलं, की गेली जर्मनीला. माझा मोबाईलही बंद ठेवायला लावला, कारण परदेशी गेलेल्या माणसाला फोन लागला तर लोक शंका घेतील. स्वतः मात्र त्यांनी व्हॉट्सॲपवर बर्फाचा एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'पुतणी सुखरूप पोचली'. तेव्हा नुकतेच गणपती उठले होते. त्या दिवसांत तिकडं बर्फ पडतो का, हा प्रश्न गावात एकालाही पडला नाही, आणि काकांना तर असले प्रश्न कधीच पडत नाहीत.

माझे वडील गप्प राहिले. ते थोरल्या भावासमोर कधीच बोलत नाहीत, आणि याबद्दल गाव त्यांना सज्जन म्हणतं. मला त्या सज्जनपणाचा तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो.

मावशीच्या वाडीत रेंज नव्हती. एक दिवस मी धरणाकडं चालत गेले, लपून मोबाईल चालू केला आणि मेल पाहिली. व्हिसा मंजूर झाला होता, पासपोर्ट कुरिअरनं घरी निघाला होता, आणि घरून परतही गेला होता. मी वडिलांना फोन लावला.

"काल आल्ता कुरिअरवाला," वडील हळू आवाजात म्हणाले. "दादा वट्ट्यावर बसले हुते, चार मान्सं हुती. त्यानं तुला विचारलं, तुझीच सही पायजे म्हनला. दादा म्हनले, ती कवाच गेली जर्मनीला. धाडा परत."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"हितंच हुतो की."

पाकिटात काय आहे, एवढंही काकांनी विचारलं नव्हतं. चारचौघांत आपलं खोटं उघडं पडू नये म्हणून त्यांनी माझा पासपोर्ट दारातून माघारी घालवला. मुंबईत तो हुडकून, ओळख पटवून हातात पडेपर्यंत तिकडचं सत्र सुरू झालं होतं. मी पोचले तेव्हा माझा विषय संपल्यात जमा होता. सळया ठोकायचं सगळं काम सुरुवातीलाच शेतावर जाऊन करून घेतात, आणि ज्यानं ते केलं नाही त्याला पुढच्या तासांना बसता येत नाही. प्राध्यापकांनी हे मला फार गोड आवाजात सांगितलं, चहाही पाजला. जागा मात्र दिली नाही. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात ते यंत्र ठेवलेलं होतं, आणि त्याला कुलूपबिलूप काही नव्हतं.

त्याऐवजी मला एका भलत्याच वर्गात बसवलं. वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी एकमेकांना कसं समजून घ्यावं, हे तिथं शिकवत. शिकवणारी बाई प्रत्येक वाक्यानंतर हसायची. तिनं पहिल्याच दिवशी मला उभं केलं आणि विचारलं, की तुमच्या संस्कृतीत वेळेची कल्पना निराळी असते का? मी खरं ते सांगितलं: काका, वट्टा, कुरिअर. वर्गानं माना डोलावल्या आणि वहीत लिहून घेतलं. शेजारच्या मुलाच्या वहीत मी वाकून पाहिलं, तर त्यानं 'कुटुंबाची प्रतिष्ठा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. काकांच्या थापेला एवढा मान आमच्या गावातही मिळाला नव्हता.

तिकडच्यांचीही सत्काराची हौस काही कमी नव्हती, फक्त शाल नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांची संध्याकाळ ठेवली, मला साडी नेसायला लावली, नाचता येतं का विचारलं. येत नाही म्हटल्यावर बाईचा चेहरा पडला. फोटो काढला तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर झळकला. मी कशासाठी आले होते, हे तिथंही कोणी विचारलं नाही. त्या वर्गात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्या गुणांचं काय करायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

परत आले तेव्हा उन्हाळा लागला होता आणि काका शेतात बोअर घ्यायच्या गडबडीत होते. आमच्याकडं बोअरची जागा पाणाडी ठरवतो. तो तळहातावर नारळ आडवा धरून रानभर फिरतो, आणि नारळ उभा राहील तिथं बोअरची गाडी लावतात. पाणाडी आला होता, गाडी बांधावर उभी होती, बघ्यांची गर्दी होती. गर्दी दिसली की काकांना राहवत नाही.

"थांबा जरा," ते मोठ्यानं म्हणाले. "आमची पुतनी जर्मनीवरनं ह्येच शिकून आलीय. आधी ती सांगंल जागा, मग नारळ बघू."

सगळे माझ्याकडं बघू लागले. पाणाडीही आदरानं बाजूला झाला. हेच रान आणि हाच प्रश्न डोक्यात घेऊन मी तो अर्ज लिहिला होता.

"मला न्हाई सांगता येत," मी म्हणाले.

"का बरं?"

"ते शिकवलं तवा मी भंडारदऱ्यात लपून बसले हुते. माझा पासपोर्ट तुमीच परत धाडला, काका."

काकांनी वडिलांकडं पाहिलं, वडिलांनी मातीकडं. मग काका हसले आणि लोकांकडं वळून म्हणाले, "तिकडं आसलं शिकवतच न्हाईत वो. उगा कशाला पोरीला लाजवायचं?"

लोकांनाही ते बरं वाटलं. पाणाडी पुन्हा चालू लागला, आणि बांधाकडच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. वडिलांनी तिथं उदबत्ती लावली, हात जोडले. गाडी लागली, पांढरा फुफाटा उडायला लागला आणि माणसं नाकाला उपरणं लावून मागं सरली. मी तिथंच उभी राहिले. इतक्या जणांत हे शिकायला समुद्रापलीकडं जाऊन आलेली मी एकटीच होते, आणि खाली पाणी आहे की नाही, ते मला माहीत नव्हतं.