आईने घासून काढलेला रेडिओ

आमच्या आईला काळं काही खपत नसे. तवासुद्धा ती खालून इतका घासायची की त्याच्यावर भाकर टाकायला जीव धजावत नसे. रोज दिवेलागणीच्या आधी ती कंदिलाची काच उतरवी, राखेत बुडवलेली चिंधी बोटाला गुंडाळून आतून फिरवी आणि काच आभाळासमोर धरून एक डोळा मिटून पाही. काचेवर काजळीचा ठिपका राहिला तर त्या घरची बाई ऐदी, असं तिचं मत होतं. हे मत ती शेजारच्या मावशीला कुंपणापलीकडे ऐकू जाईल एवढ्याच आवाजात मांडायची.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी नागपूरहून रेडिओची माणसं आमच्या गावी, इंझोरीला आली होती. शाळेच्या व्हरांड्यात टेपचं यंत्र मांडून त्यांनी गावातल्या बायकांची गाणी घेतली. बाबा त्याच शाळेत मास्तर, त्यामुळे आईला बोलावणं आलं. पहाटे दळताना ती जे म्हणायची, तेच तिने म्हटलं. दसऱ्यानंतरच्या बुधवारी दुपारी, बायकांच्या कार्यक्रमात हे लागेल, असं सांगून ती माणसं गेली. त्या दिवसापासून आईच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सगळ्या गावाचे आवाज तिला ओळखता येत, पण स्वतःचा आवाज बाहेरून कसा लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. तो तिला एकदा ऐकायचा होता, आणि टेपवरचं गाणं पुन्हा कधी लागेल याचा काही भरवसा नव्हता.

घरात रेडिओ होता. बदली झालेल्या एका मास्तरांनी जाताना बाबांना दिलेला, लाकडी पेटीचा, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा लावलेला, सेलवर चालणारा. वयाने जुना, पण आवाजाने खणखणीत.

विजयादशमी म्हणजे आम्हा बौद्धांचा मोठा सण. बाबा गावातल्या लोकांबरोबर ट्रकमध्ये बसून नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. आई कंबर कसून घराच्या मागे लागली. डबे, फडताळ, खाटेचे पाय, सगळं अंगणात आलं. मी तेव्हा अकोल्याला बी. एस्सी. करत होते आणि सुटीला आल्यामुळे चुना द्यायचं काम माझ्याकडे होतं. आईने फडकी भिजवलेल्या बादलीत पाण्यावर रॉकेलचा तवंग आला होता. त्यात जांभळा, हिरवा, सोनेरी रंग फिरत होते. शेजारच्या मावशी ते वाकून पाहू लागल्या आणि मला चेव आला. रंग रॉकेलचे नाहीत, तवंग किती पातळ आहे त्याचे आहेत, हे मी सांगितलं. थोडा उजेड वरूनच परततो, थोडा तवंगाच्या तळापर्यंत जाऊन परततो, दोघं वाटेत भेटतात, काही रंग एकमेकांना जोर देतात आणि काही एकमेकांना मारून टाकतात. मावशी मान डोलवत होत्या. त्यांना यातलं किती कळलं देव जाणे, पण श्रोता म्हणून त्या उत्तम होत्या. मी उजेडावर असं व्याख्यान झोडत असताना माझ्या पाठीमागे आई रेडिओचा पुठ्ठा काढून बसली होती.

पुठ्ठा तिने धुतला. उन्हात वाळून तो पापडासारखा वळला आणि पुन्हा काही बसेना. आत तिला काय दिसलं, तर करंगळीच्या नखाएवढ्या काचेच्या इवल्या नळ्या, वरून काळ्या कुळकुळीत. तिच्या लेखी ती कंदिलाचीच लेकरं, आणि कुणी कधी काजळी पुसलेली नाही. तिने रॉकेलचा बोळा घेतला, सुई घेतली आणि एकेक नळी लखलखीत करून टाकली.

दुसऱ्या रात्री बाबा आले. कंदिलाच्या उजेडात रेडिओ लावला, आवाज झकास. आईने आपण तो आतून साफ केल्याचं सांगितलं आणि बाबांनीही तिचं कौतुक केलं.

सकाळी रेडिओने खरखर केली, कण्हला आणि पडला. दिवसभर तीच गत. संध्याकाळी अंधारून आलं की हा गडी परत ताजातवाना. घरात पहिल्यांदा दिवसा झोपणारं कुणीतरी निपजलं होतं आणि आईला ते अजिबात मानवत नव्हतं. तिचं गाणं तर भर दुपारी लागणार होतं.

मावशींनी लिंबू उतरवून टाकायचा सल्ला दिला. बाबा छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून असल्या गोष्टींवर खार खाऊन होते. ते शांतपणे म्हणाले, "या घरात देव नाई, तं भूत कुठून येईन?" आणि रेडिओ पिशवीत घालून जीपने शेलूबाजारला गेले.

तिथल्या दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली बोळकांडी, भर दुपारी अंधारी. तिथे रेडिओ पोपटासारखा बोलला. नव्या रेडिओंत काचेच्या नळ्यांऐवजी पत्र्याच्या टोप्या असतात, त्याला त्यांचीच सवय. त्याने मागून डोकावलं आणि इतका साफ रेडिओ आजवर पाहिला नाही, असं प्रमाणपत्र दिलं. बाबांनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आईला आनंद झाला, रेडिओ मात्र अंगणात ठेवल्याबरोबर पुन्हा आडवा.

सोमवारी वेगळंच घडलं. खिडकीपाशी टेबलावर रेडिओ खरखरत होता. मावशी आल्या आणि खिडकीला पाठ लावून ऐसपैस बसल्या. अंगाने त्या भरलेल्या, खिडकी जवळजवळ बुजलीच. तेवढ्यात रेडिओ स्वच्छ आवाजात बाजारभाव सांगू लागला. मावशी पाणी प्यायला उठल्या, रेडिओ बंद. बसल्या, सुरू. मावशींनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"मले पाह्यलं का बोलते थो," त्या म्हणाल्या.

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ज्या बाईच्या कंदिलावर तिने उभा जन्म टीका केली, तिची आता मनधरणी करायची वेळ आली होती. मावशीही काही कमी नव्हत्या. बुधवारी दुपारी आपल्याला शेतात निंदायला जायचं आहे, पण बघू, जमवू, असं त्या पदर सावरत म्हणाल्या. त्या गेल्यावर आईने कंदिलाची काच दोनदा घासली.

मला मात्र मावशींच्या मागची खिडकी दिसत राहिली. मंगळवारी सकाळी मी रेडिओच्या उघड्या पाठीवर नुसते दोन्ही तळवे आडवे धरले. रेडिओ बोलू लागला. हात काढले, गप्प. मग आत पाहिलं आणि त्या लखलखीत नळ्या दिसल्या. मी हसत सुटले, इतकी की बाबा दाढी अर्धी सोडून आले.

त्या नळ्यांच्या पोटात जर्मेनियमचा इवलासा तुकडा असतो. रेडिओकडून येणारी बारीकशी चाहूल ऐकून तेवढीच वीज पुढे सोडायची, हे त्याचं काम. पण त्याच्यावर उजेड पडला की आतले विजेचे कण मोकळे सुटतात, आणि तो कुणाचं न ऐकता आपल्याच मनाने वीज वाहू देतो. म्हणून कारखानदार काचेला काळा रंग देतात. ती काजळी नव्हती, तो त्याचा पडदा होता. हे सगळं मी आईला समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाली की मावशीमुळे काही होत नव्हतं हे आधी सगळ्या गावाला सांग.

मी म्हटलं, नळ्यांना काजळ फासू. आई ठाम होती. "एकडाव घासलेलं मी काहून काळं करू?" पुढे बोलायची सोय नव्हती.

बुधवारी दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या. निंदणाला जाणाऱ्या मावशी सगळ्यांच्या आधी हजर. खोलीत खिडकी, दार आणि कौलांतल्या फटी मिळून उजेडच उजेड. शेवटी मी घरातली सगळ्यात मोठी गोधडी काढली. नुसत्या रेडिओवर टाकली तर आवाज दबत होता, म्हणून रेडिओ मधोमध ठेवला आणि आम्ही सगळ्याजणी आत शिरलो. ऑक्टोबरचं ऊन, वर गोधडी, आत घामाचा, रॉकेलचा आणि आवळ्याच्या तेलाचा वास. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत होतं कळत नव्हतं. बाबांनाही ऐकायचं होतं, पण बायकांच्या गोधडीत शिरायची त्यांची काय टाप. ते उंबऱ्यावर बसून राहिले.

निवेदिका बोलली, आणि मग आईचा आवाज आला.

जात्याची घरघर नसलेला तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. तो मला वाटला होता त्याहून कोवळा होता. आईने माझा दंड घट्ट धरला होता. पहिली ओवी झाली, दुसरी सुरू झाली. इतक्यात मावशींना राहवलं नाही. गाणारी बाई रेडिओत नेमकी कुठून गाते ते पाहायला त्यांनी गोधडीची कड उचलली. उजेडाची पट्टी थेट रेडिओच्या पाठीवर पडली आणि ओवी मध्येच तुटली.

कुणी काही बोलायच्या आत आईनेच ती ओवी पुढे उचलली. गोधडीत, अंधारात, आमच्या घोळक्यात. मी मावशींच्या हातून कड हिसकून खाली ओढली, तसा रेडिओतला आवाज परत आला आणि दोन्ही आवाज त्या ओवीच्या शेवटच्या ओळीवर एकत्र पोचले. आई गप्प झाली. उरलेलं गाणं तिने श्वास धरून ऐकलं.

गोधडी काढली तेव्हा सगळ्यांचे केस कपाळाला चिकटले होते. बाबा उंबऱ्यावर पाठमोरे बसले होते आणि चष्मा पुसत होते. मावशी ओशाळून म्हणाल्या, की बाई, तू लय गोड म्हणतेस. बायका पांगल्या तरी आई रेडिओसमोरून हलली नाही.

"पहाटं जात्यावर गाओ, तं अंधार," ती म्हणाली. "रेडिओवर गायली, तं गोधडीत. जलमभर अंधारातच गाऊ का मी?"

बाबांनी वळून पाहिलं. आई उठली, देवळीतून काजळाची डबी आणली, आणि ज्या बोटाने आयुष्यभर काजळी पुसली, त्याच बोटाने तिने एकेक नळी काळी केली, तारांना न लागू देता, तान्ह्या पोराला काजळ घालावं तशी. मग रेडिओ उचलून भर अंगणात, उन्हात, ओट्यावर नेऊन ठेवला आणि कान पिळला.

रेडिओ बोलला. सरकीचे भाव चालले होते. आई कमरेवर हात ठेवून, शेजारच्या कुंपणापर्यंत आवाज जाईल असा मोठा करून, ते शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.