पॅकेजांची बिनविरोध यादी

आमच्या जिल्ह्यात कोणतीही गोष्ट बिनविरोध झाली की तिला वेगळीच प्रतिष्ठा मिळते. सोसायटी बिनविरोध, सरपंच बिनविरोध, देवळाची कमिटी बिनविरोध. त्याची रीतही ठरलेली आहे. जो रुसेल त्याला काहीतरी द्यायचं, आणि तो रुसायच्या आधी द्यायचं. आम्ही पाच शहाण्यांनी शाळांसाठी मराठी ऑपरेटिंग सिस्टिम बांधायला घेतली, तेव्हा तिच्यात कोणती पॅकेजं घालायची हेही याच रीतीनं ठरवलं. जगभर अशा याद्या उपयोग आणि दर्जा पाहून ठरतात म्हणे. जगाला करमणुकीची दुसरी साधनं नसतील.

सिस्टिम मुक्त होती, म्हणजे फुकट, आणि कुणालाही आतून उघडून बदलता येईल अशी. मूळ साचा बाहेरचा. त्यावर कोणती पॅकेजं, म्हणजे कोणते प्रोग्राम, चढवायचे एवढंच आम्ही ठरवायचो आणि दरवर्षी शाळा उघडायच्या आधी नवी आवृत्ती काढायचो. एका कापड दुकानदारानं चार जीबीच्या पेनड्राइव्हचं खोकं भेट दिलं होतं. सगळं त्यात मावलं पाहिजे, हा एकच नियम. तो मोडता येत नव्हता म्हणून पाळला जायचा.

अध्यक्ष उमापूरचे बागायतदार. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता, पण अध्यक्ष दुसरं कोण होणार? त्यांच्या मानाखातर सत्काराचे बॅनर बनवायचं एक पॅकेज होतं, तयार झालरी आणि फेट्यांसकट. सिरसाळ्याचे दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलत नसत. दोघांचाही मजकूर लिहायचा प्रोग्राम वेगळा आणि दुसऱ्याचा घेतला तर राजीनामा. म्हणून दोन्ही घेतले, आणि कुणी जिंकलं असं वाटू नये म्हणून तिसराही घेतला. तिसरा आजवर कुणी उघडलेला नाही. चौथा एका मेंढपाळ घरातला एम.एस्सी. झालेला तरुण. त्यानं कळपाच्या लसींची नोंद ठेवणारा प्रोग्राम स्वतः लिहिला होता. आमच्यात कामाचं काही केलेला तो एकटाच, त्यामुळं त्याला बोलायची संधी कमी मिळायची. पाचवा मी, सचिव. माझं पॅकेज म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागं दिसणारी चित्रं, वॉलपेपर. ज्वारीचं शिवार, तळ्यावरचे बगळे, घाटातलं धुकं. फोटो मीच काढलेले, खाली माझं नाव.

त्या वर्षीच्या बैठकीआधी मला एका बाईंचा फोन आला. नेकनूरजवळच्या शाळेत त्या शिकवतात. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणारं एक पॅकेज आधीच्या आवृत्तीत होतं, त्याच्या जोरावर त्या प्रश्नपत्रिका स्वतः तयार करायच्या. आता शाळेतल्या सगळ्या मशीनवर नवी आवृत्ती चढणार होती. "सर, तेवढं बोलणारं पॅकेज राहू द्या," त्या म्हणाल्या. "हेडमास्तर म्हनतेत, पेपर तुमचे तुमी काढा, न्हाईतर वर्ग दुसऱ्याकडं देतो." बैठकीला स्वतः येऊ का, असंही त्यांनी विचारलं. दोन बस बदलून कशाला येता, मी आहे ना, असं मी म्हणालो. हे वाक्य मी फार छान म्हणतो.

बैठक सिरसाळ्यात, खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीत झाली. भजी आली, चहा आला, मग यादी आली. ती चार जीबीत मावत नव्हती, काहीतरी गाळावं लागणार होतं. मी एकेक नाव वाचायचो आणि समोर बघायचो. बॅनरचं नाव घेतलं, अध्यक्षांनी कप खाली ठेवला. मी पुढं गेलो. मजकुराच्या प्रोग्रामांची नावं आली, दोन्ही प्राध्यापक वर्षात पहिल्यांदा एकाच वेळी माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं गेलो. लसींच्या नोंदी तर इतक्या लहान होत्या की काढून उपयोग नव्हता. माझ्या चित्रांचं नाव मी जरा भरभर वाचलं. मग बोलणारं पॅकेज आलं आणि खोलीत कुणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही.

"हे कुणाचं हाय?" अध्यक्षांनी विचारलं.

प्रश्न रास्तच होता. आमच्या यादीत प्रत्येक पॅकेज कुणाचं तरी असायचं. ते काय करतं हे कुणी विचारत नसे. मी म्हणालो, तसं कुणाचं नाही. एका प्राध्यापकानं तोडगा सुचवला की ज्याला लागेल त्यानं नंतर इंटरनेटवरून उतरवून घ्यावं. दुसऱ्यानं चक्क मान डोलावली. पडदा वाचून दाखवणारं पॅकेज उतरवायला आधी पडदा वाचता आला पाहिजे, हे त्या खोलीत मला कळत होतं. माझी चित्रं काढली असती तर तेवढ्याच जागेत ते बसलं असतं, हेही कळत होतं. मी नावावर रेघ मारली. ठराव बिनविरोध. अध्यक्षांनी सगळ्यांना नारळ दिले.

शाळा उघडल्यावर आठवड्याभरात बाईंचा फोन आला. मशीन मुकं झालंय, त्या म्हणाल्या. चालू आहे की बंद, हे पंख्याच्या आवाजावरून ओळखावं लागतं. वर्ग दुसऱ्या मास्तरांकडं गेला होता. आपल्याला आता परिपाठाला प्रार्थना म्हणून घ्यायचं काम आहे, असं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी जागेची अडचण सांगितली, चार जीबी सांगितले, पुढच्या वर्षाचं बघू म्हणालो.

"पर विरोध कुणी केला, सर?"

"कुणीच नाही," मी म्हणालो, आणि खरं बोलल्याचं मला क्षणभर समाधानही वाटलं.

"आन् बाजूनं कोन बोललं?"

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "सर, हायेत का तुमी?"