आईच्या मसाल्याचं प्रमाण

नसत्या चौकशा करायची मला पहिल्यापासून खोड. बेलापूर गावातल्या डंकनवर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, ती हमखास उफाळून यायची. उन्हाळ्यात बायका वाळवलेल्या मिरच्या आणि भाजलेला गरम मसाला घेऊन तिथे यायच्या आणि आपला घाणा होईपर्यंत यंत्रापुढून हलायच्या नाहीत. सुट्टीत मीही तिथे घुटमळायचे. कोणाच्या पिशवीत दगडफूल किती, कोण नाकेशर घालतं, मला सगळं कळायला हवं असायचं. डंकन चालवणारी मावशी आगरी, तोंडाने फटकळ. "कुनाच्या घरचा मसाला कुनाला सांगाचा नाय," असं म्हणून ती मला गप्प बसवायची.

आईचा मसाला तिच्या आईकडून, थेट साताऱ्याहून आलेला. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचं केवढं कौतुक! आई गेल्यावर घरभर शोधलं, तर प्रमाण कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त मावशीला ठाऊक होतं. दरवर्षी मी सकाळी मिरच्या तिच्याकडे टाकून ऑफिसला जायचे, संध्याकाळी तयार मसाला न्यायचे. दरवर्षी विचारायचे, आणि दरवर्षी तेच उत्तर.

इकडे गाव बदलत चाललं होतं. खाडीत फ्लेमिंगो बघायला लोक येऊ लागले, किल्ल्याच्या पडक्या भिंतीपुढे फोटो काढू लागले. आधी सायकलवाला गेला, मग बांगडीवाली, मग पिठाची गिरणी. त्यांच्या जागी कॉफी आली, पिझ्झा आला. खोटं कशाला बोलू, कॉफी मीही प्यायले, आणि बरी होती. मग मावशीच्या दिरानेही डंकनचा गाळा एका कॅफेला दिला. मावशी लेकीकडे कामोठ्याला निघाली. तिथल्या सोसायटीत डंकन कोण लावू देणार? सगळा जिना शिंकत बसेल.

ही बातमी ऐकली आणि एका रविवारी तडक गेले. यंत्राचे बोल्ट ढिले करून ठेवलेले, उद्या टेम्पो येणार होता. कॅफेवाल्यांनी मावशीला आगरी मसाल्याची रेसिपी विचारली होती म्हणे, बाटल्यांत भरून पाहुण्यांना विकायला. तिने त्यांनाही उडवून लावलं होतं.

"मावशी, आता तरी सांग. तू गेलीस की आईचा मसाला गेला."

तिने घमेलं पुसून पालथं घातलं. मग म्हणाली, "तुजी आयस प्रमान आनाची कुठं? नुसत्या मिरच्या आनाची. ह्या सगल्या बायका आपापल्या घरचं सांगायच्या, तिला काय यायचं नाय. लाजायची बिचारी. मला म्हनाली, तूच घाल, पन कुनाला बोलू नको."

मला हसू आलं आणि रडूही. आई दुपारी डंकन रिकामी असतानाच का जायची, मला बाहेर पायरीवर का बसवायची, आत्ता उमगलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जेवलो तो साताऱ्याचा मसाला बेलापूरचाच होता, आणि तो या गाळ्याच्या बाहेर कुठेच नव्हता.

"मग तुझं प्रमाण सांग."

"माजं कसलं प्रमान? मिरची हातात घ्याची, वास घ्याचा, तसं टाकाचं. हाय काय मिरची?"

मिरच्या गच्चीत होत्या, अजून दोन दिवसांचं ऊन हवं होतं. तशाच उचलून आणल्या. मावशीने एक मोडून बघितली. ती मोडली नाही, वाकली.

"ओली हाय गो. कांडली तर म्हैन्यात बुरशी धरल."

"धरू दे. तू कांड."

तिने बोल्ट पुन्हा आवळले. मी आत, तिच्या शेजारी उभी राहिले. तिच्या डब्यांतलं काय किती उचलते ते बघत होते, पहिली मूठ धण्यांची, मग बडीशेप, मग काहीतरी काळं. तेवढ्यात तिखट डोळ्यांत गेलं आणि पुढचं मला दिसलंच नाही.