परुळेकरबाईंना माहीत नसलेल्या गोष्टी

परळला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालणाऱ्या आमच्या निवासात मी कारकून म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, "बेटी, पश्चिम किधर है?" मी त्यांना स्टेशनचा पूल ओलांडून परळ पश्चिमेला कसं जायचं ते नीट समजावून दिलं. बिचारे निघालेही. दारात त्यांना व्यवस्थापिका सुमतीबाई परुळेकर भेटल्या. बाईंनी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्यांना नमाजासाठी दिशा हवी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बाई हसल्या नाहीत. "मलाही नेमकं सांगता येणार नाही, चला बघू या," असं म्हणून त्या त्यांना गच्चीवर घेऊन गेल्या आणि सूर्य कुठून वर आलाय ते पाहून दोघांनी मिळून दिशा ठरवली. बाईंची आणि माझी ओळख झाली ती अशी.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मला ‘बाईंचा सर्व धर्मांचा अभ्यास’ असा विषय देण्यात आला. मी गोंधळातच पडले. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य ‘मला माहीत नाही’ हेच आहे.

निवासात देशभरातून माणसं येतात. शेजारी शेजारी खाटा, एकच स्वयंपाकघर. त्यामुळे प्रश्नांना तोटा नसे. जैन आजी दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा का घेत नाहीत? नाताळ अजून महिनाभर लांब असताना वसईच्या काकू आत्तापासून कसल्या तयारीला लागतात? सरदारजी मुलाचे केस कापू द्यायला तयार का नाहीत? लोक मला विचारत, मी गडबडून जाई. शेवटी मी एक तक्ताच केला. कोणत्या धर्माचे लोक काय खातात, काय टाळतात, कधी उपास करतात, सगळं रकान्यांत. बाईंनी तो बराच वेळ वाचला. "अक्षर सुरेख आहे तुमचं," त्या म्हणाल्या, "पण भिंतीवर नको लावू या. आलेल्या माणसालाच विचारत जा."

मला ते पटलं नाही. पण त्याच आठवड्यात एका सरदारजींच्या ताटात मी तक्त्याच्या भरवशावर चिकन पाठवलं आणि ते जन्मापासून शाकाहारी निघाले. त्यांची माफी मागायला बाई स्वतः गेल्या. माझं नावसुद्धा घेतलं नाही.

बाईंचं ऋण मी ज्या प्रसंगामुळे मानते, तो माझ्या घरचा आहे. माझे वडील गेले तेव्हाची गोष्ट. आम्ही नायगावच्या चाळीत राहणारे बौद्ध. गावाहून आलेल्या आत्यानं हट्ट धरला, "दहाव्याला भावाच्या नावानं कावळ्याला पान ठेवायचं." दादा संतापला. "आत्या, ते आपल्यात नाही. श्राद्ध करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे आपली." दोघांचं बोलणं बंद झालं. आई माझ्याकडे पाहू लागली. साऱ्या जगाच्या चालीरीती तक्त्यात मांडणारी मी, मला माझ्याच घरात काय करावं ते सुचेना. दादाचं बरोबर होतं. पण आत्याचं रडणंही खोटं नव्हतं.

बाई भेटायला आल्या तेव्हा सगळे त्यांच्याकडे वळले. दादा म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा. तुम्हाला सगळं माहितीय."

"मला नाही हो माहीत," बाई म्हणाल्या. मग आत्याजवळ बसून त्यांनी विचारलं, "पान कशासाठी ठेवायचंय तुम्हाला?"

आत्या म्हणाली, "मागल्या खेपेला त्याच्यासाठी माशाचं कालवण घेऊन आले होते. त्याला घोट गेला नाय. तसंच परत नेलं मी. उपाशी गेला वो माझा भाऊ."

दादानं मान खाली घातली. आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

पुढे गेलेल्या माणसासाठी आमच्यात करतात तो जलदानविधी भिक्खू भन्तेजींच्या हस्ते आमच्या रीतीनं झाला. कावळ्याला पान ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्यानं कालवण रांधलं आणि आधी दादाला वाढलं. "हा विधी नाही हं, जेवण आहे," असं दादा दोनदा म्हणाला, आणि पुन्हा पुन्हा मागून घेऊन जेवला. हे धर्माला धरून झालं की नाही, मला अजून कळलेलं नाही. बाईंना विचारलं, तर त्यांनाही नाही.

हा लेख लिहायचा म्हणून परवा लालबागला त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. "बाई, तुमचा स्वतःचा देवावर विश्वास आहे?"

बाई भाजी निवडत होत्या. हात थांबले. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई एकदम मालवणीवर आल्या. "हात जोडतंय गो रोज. समोर कोण आसा असा कधी वाटता, कधी वाटणा नाय." आणि पुन्हा भाजीकडे वळल्या.

बाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, नजर साफ राहो. या शुभेच्छा कुणाच्या दारी पोचतात ते मला सांगता येत नाही. पण त्या अगदी मनापासून दिल्या आहेत.