बर्फावरचा वाटा

दार्याने बर्फगाडी थांबवली, एक पोते फेव्रोन्याच्या पडवीत ठेवले आणि इंजिन चालूच ठेवून ओरडून सांगितले, "मावशी, तुमचे मासे. सकाळच्या ओढीतले आहेत. चांगले मोठे निवडून दिलेत."

"माझे कसले? सकाळी मी कुठं होते तळ्यावर?"

"म्हाताऱ्यांचा वाटा हो. यंदापासून तुम्हाला घरपोच."

दार्या निघून गेली. फेव्रोन्या त्या पोत्याकडे बघत उभी राहिली. दारात कोणी मेलेले कुत्रे आणून टाकले असते तर तिने ज्या नजरेने पाहिले असते, तीच ही नजर.

ती उजाडल्यापासून फेल्टचे बूट चढवून, कोट घालून चुलीपाशी बसली होती. खारातुमुलच्या तळ्यावर आज मुंखा होती. म्हणजे गावाचे ते मोठे जाळे बर्फाखाली सोडायचा दिवस. दार्याचा नवरा गव्रील गेली काही वर्षे या कामाचा म्होरक्या. त्यानेच आदल्या दिवशी तिला सांगितले होते, "मावशी, सकाळी फार थंडी असेल. तुम्ही दुसऱ्या ओढीला या. मी निरोप धाडतो." निरोपाच्या जागी पोते आले.

पहिल्या ओढीतले मासे म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि बालवाडीला जातात. दुसऱ्या ओढीतले, जे बर्फावर राबले त्यांचे. त्यांचे सारखे वाटे तिथेच बर्फावर मांडतात. फेव्रोन्याला मासे कमी पडले होते असे नाही. पोत्यातले सोबो मासे खरोखरच मोठे होते, चपटे, पिवळेजर्द, पाठीला जाड. पण तिचा वाटा बर्फावर असायचा.

ती या गावची नव्हती. नदीपलीकडून लग्न होऊन आली आणि पहिले वर्षभर सगळे तिला 'पलीकडची' म्हणत. पलीकडचीला बोलवा, पलीकडचीला चहा ठेवायला सांगा. दुसऱ्या वर्षी मुंखेच्या दिवशी वासा धरणारा माणूस तापाने पडला. हा लांबलचक वासा जाळ्याचा दोर घेऊन बर्फाखालून एका भोकातून पुढच्या भोकाकडे जातो, आणि दर भोकापाशी कोणीतरी दुबेळक्याने, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या काठीने, त्याला वाट दाखवावी लागते. फेव्रोन्याचा बाप पलीकडे हेच काम करायचा. पुरुष एकमेकांकडे बघत उभे होते, तेवढ्यात तिने कोणाच्या तरी हातातले दुबेळके काढून घेतले. त्या संध्याकाळी वाटे मांडले गेले. वाट्यांकडे पाठ करून उभा राहणारा निकीफोर तेव्हा तरणाबांड गडी होता. "हा कोणाचा?" असे विचारले की तो न बघता एक नाव घेई आणि तो वाटा त्याचा होई. "फेव्रोन्याचा," तो म्हणाला. पलीकडचीचा नव्हे. त्यानंतर तिला तसे कोणी म्हटले नाही.

पुढे गोठ्यातली नोकरी आली, नवरा गेला, मुलगा शहरात स्थिरावला. दर हिवाळ्यात बर्फावर तिचे नाव मात्र घेतले गेले.

गेल्या साली तिच्या बोटांतून वासा सुटला होता, हेही सांगायला हवे. तो आडवा गेला, त्याला शोधायला नवी भोके पाडावी लागली आणि अंधार पडेपर्यंत माणसे कुडकुडत उभी राहिली. "वासाच वाकडा होता," असे ती वर्षभर सांगत होती. तो वासा गव्रीलने निवडला होता, हे सांगायलाही ती विसरत नसे.

तिने पोते घसरगाडीवर टाकले, लांब दांड्याचा झारा त्याच्यावर ठेवला आणि दोर कमरेला बांधून तळ्याची वाट धरली.

तिला पाहून गव्रीलने पहार टेकवली. "मावशी, एवढ्या थंडीत कशाला आलात? पोतं मिळालं ना?"

"मिळालं. निरोप नाही मिळाला."

"अहो, तुमच्या वयाला…"

"निकीफोर माझ्याहून वयानं मोठा. त्याच्या दारात टाकलंस का पोतं?"

"त्याला काय, नावंच घ्यायची. त्याला हात लागत नाहीत."

आजूबाजूची बोलणी थांबली. गव्रीललाही आपले शब्द नीट ऐकू आले असावेत. तो खाली बघू लागला. फेव्रोन्याने हातमोजे वर ओढले.

"हात बघायचेत तुला? तू चालायला लागलास तेव्हा याच हातांनी तुझं नाक पुसलंय. तेव्हा नाही म्हणालास, मावशी, हात थरथरतात म्हणून."

"मावशी, शेकोटीपाशी बसा. चहा आहे."

"चहा मी पहिल्या वर्षी केला. झाला माझा तो."

जाळे बाहेर काढायच्या मोठ्या भोकापाशी ती जाऊन उभी राहिली. अशा थंडीत पाण्यावर क्षणाक्षणाला बर्फाचा चुरा धरतो आणि तो काढत राहावे लागते. कोणी सांगण्याची वाट न पाहता तिने झारा पाण्यात घातला, भरला, बाजूला आपटला. पुन्हा घातला, पुन्हा आपटला. वाशाच्या कामावर यंदा तुयारा होती, गोठ्यातल्या तिच्या जुन्या मैत्रिणीची नात. फेव्रोन्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिची चूक शोधत होती. पोरीचे हात शांत होते, वासा सरळ जात होता. चूक सापडेना, तसा फेव्रोन्याचा झारा आणखी जोरात आपटू लागला.

"मावशी, बर्फाला भगदाड पाडाल," कोणीतरी म्हणाले.

"पाडीन. म्हणजे तुमच्या म्होरक्याला पहार उचलायला नको."

जाळे वर आले. वाफाळणाऱ्या पाण्यातून सोबोंचा ढीग बर्फावर ओतला गेला, थोडा वेळ तडफडला आणि थंडीने कडक झाला. बारके मासे परत पाण्यात सोडले. गव्रीलने वाटे मांडले, माणसांच्या हिशेबाने. फेव्रोन्या ओळीत येऊन उभी राहिली. त्याने ते पाहिले, पण तिचे पोते तिच्यामागे घसरगाडीवरच होते. त्याने आणखी वाटा मांडला नाही.

निकीफोर पाठ करून उभा राहिला. गव्रीलने काठी टेकवली. "हा कोणाचा?"

"तुयाराचा."

"हा?"

"फेव्रोन्याचा."

काठी जागीच राहिली. पाठमोऱ्याने घेतलेले नाव बदलायचे नसते. बदलायचे असेल तर पाठ तरी कशाला करायची? फेव्रोन्या पुढे झाली आणि आपल्या वाट्याशेजारी उभी राहिली. बाकीची नावे झाली. म्होरक्याचे नाव नेहमी शेवटी येते.

"गव्रीलचा," निकीफोर म्हणाला आणि वळला. गव्रीलच्या काठीखाली नुसता बर्फ होता.

"तुम्हाला काल सांगितलं होतं ना, मावशी यंदा नाहीत म्हणून?"

"सांगितलं होतंस. पण दुपारभर माझ्या मागं झारा आपटत होता. एवढ्या रागानं या गावात दुसरं कोण आपटतं?"

हशा पिकला. फेव्रोन्या हसली नाही. तिने घसरगाडीवरचे पोते ओढले आणि गव्रीलच्या पायांशी टाकले.

"घे. मोठे आहेत. तुझ्याच बायकोनं निवडलेत."

"म्हाताऱ्यांचा वाटा आहे तो, गव्रील," मागून कोणी म्हणाले, "जपून उचल, कंबर धरेल."

गव्रीलने पोते उचलले. मग जवळ येऊन हळू म्हणाला, "चुकलं माझं. तोंडावर सांगायला हवं होतं."

"हवंच होतं."

"पण वासा…"

"वासा राहू दे तिच्याकडे." तिने तुयाराकडे हनुवटीने दाखवले. "बरा धरते. मी झाऱ्यावर असेन. आणि निरोप धाडू नकोस, मला वाट माहीत आहे."

तिने वाटा घसरगाडीवर रचला आणि त्याच्यावरून दोर घेतला. पण बोटे जुळेनात. एकदा दोर सुटला, पुन्हा सुटला. तुयाराने तो तिच्या हातातून घेतला आणि बांधला.

"सैल बांधलास," फेव्रोन्या म्हणाली.

"घट्ट करू का?"

"राहू दे आता."

घरी येऊन तिने मासे पडवीत मांडले. पोत्यातल्यापेक्षा हे बरेच लहान होते. त्या हिवाळ्यात दार्या जेव्हा भेटेल तेव्हा, दुकानात असो की रस्त्यात, आपले मासे लहान आणि तिच्या घरी गेले ते मोठे, हे फेव्रोन्या तिला चढ्या आवाजात सुनावत राहिली.