तो बाजार नव्हता

"ते इथे नको गं. संडासात ठेव. फ्लशला होईल."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दोन्ही हातांत पाण्याचे दहा-दहा लिटरचे कॅन. चौथा मजला, लिफ्ट बंद. बोटं इतकी बधिर झाली होती की कॅन खाली कसे ठेवायचे तेच कळेना.

सेंदाई. मार्च २०११. भूकंपानंतरचा तिसरा दिवस. वीज नव्हती, गॅस नव्हता, नळ कोरडे. जवळच्या शाळेत पाण्याची गाडी यायची. मी सकाळपासून रांगेत होते, तीन तास, मधूनमधून बर्फ पडत होता. माझ्या मागेच पुण्याचा एक पीएच.डी. करणारा मुलगा उभा होता. आम्ही दोघांनी एकाच नळावर कॅन भरले. एकापाठोपाठ एक जिने चढून आलो.

त्याचा कॅन वहिनींनी हातातून घेतला. झाकण काढलं आणि भाताच्या पातेल्यात पाणी ओतलं.

"वहिनी, एकाच नळाचं आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या. रागाने नाही. लहान मुलाला समजावताना हसतात तसं. "हो गं. पण असू दे ना."

वहिनी म्हणजे सरांच्या बायको. सर तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक, मूळचे डोंबिवलीचे. माझ्या खोलीची भिंत तडकली तेव्हा तेच मला घरी घेऊन आले. आम्ही सहाजण त्या दोन खोल्यांत राहत होतो. सगळे मराठी. आदल्या दिवशी दुपारी, पुन्हा हादरे बसत होते म्हणून सगळे एकत्र बसलेलो असताना, वहिनी म्हणाल्या होत्या, आपापल्या कुलदैवताचं नाव घ्या. एकेकाने घेतलं. माझी पाळी आली.

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध."

सर म्हणाले, "बरं, बरं." मग रेडिओवरच्या बातम्या ऐकायला लागले.

आणि दुसऱ्या दिवशी माझं पाणी संडासात.

कॅन उचलून मीच आत नेले. माझ्या हातांनी. कमोडशेजारी ठेवले. हे मला जास्त आठवतं. कोणी ढकललं नाही, कोणी शिवी दिली नाही. पुण्याचा मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. सर मेणबत्त्या मोजत होते. मग वहिनींनी पहिलं ताट मलाच वाढलं. "तू दमलीस, आधी खा." गरम भात, वर तूप. मी खाल्लं. भूक लागली होती.

पुढचे नऊ दिवस मी त्या घरात पाणी भरलं. सगळं संडासात गेलं.

कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. तिने आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलं होतं: आपलं काम चोख करायचं, बाकी कुठे बोलायचं नाही. शिवाय नव्या खोलीसाठी गॅरंटर लागत होता. जपानमध्ये कोणीतरी जामीन म्हणून सही-शिक्का दिल्याशिवाय परदेशी माणसाला घर मिळत नाही. सरांनी आनंदाने शिक्का मारला. "आपलीच मुलगी आहे," म्हणाले घरमालकाला. मी वाकून आभार मानले. वाकून आभार मानायची जपानमध्ये सवयच होते. नक्की कशासाठी वाकतोय हे विसरून जातं माणूस.

तीन वर्षं गेली. मी इतिहासात पीएच.डी. करत होते. पुण्यात जर्मनही शिकले होते. विद्यापीठात एक बाइतो मिळाला. बाइतो म्हणजे अर्धवेळ काम. त्सुनामीत भिजलेले लोकांचे फोटो आणि जुन्या फिल्म धुऊन, कॉम्प्युटरवर घेऊन, त्यात काय दिसतं ते लिहून ठेवायचं. बहुतेक लग्नं, शाळेची संमेलनं, मासळीच्या बोटी.

एके दिवशी सुगावारा-सान आल्या. सत्तरीकडे झुकलेल्या, किनाऱ्यावरच्या गावातल्या. घर वाहून गेलेलं. तात्पुरत्या वसाहतीत एका खोलीत राहत होत्या. गाळात सापडलेला पत्र्याचा डबा त्यांनी फुरोशिकीच्या फडक्यात बांधून आणला होता. आत आठ मिलिमीटरच्या सहा फिल्म. त्यांचे वडील इंजिनियर. युद्धाच्या काळात जर्मनीत होते, एका घरात पैसे देऊन राहायचे. हौसेने कॅमेरा घेतला होता. युद्ध संपता संपता सैबेरियामार्गे परत आले.

"वडिलांचं आता एवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. "त्यात जर्मनीतली आई आहे. वडील तिला आईच म्हणायचे."

सहापैकी चार फिल्म धड राहिल्या होत्या. मी एकटीने आधी बघितल्या, तक्ता भरायला.

पहिलीत बर्फ. दोन मुलं घसरगाडीवर. घरमालकीण हसतेय, कमरेला अॅप्रन. कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतेय, नको नको, माझा अवतार बघ. दुसरीत खिडकीतल्या कुंड्या, एक कुत्रा, मुलगा गणवेश घालून सलाम ठोकतो आणि आई त्याची कॉलर नीट करते. शाळेच्या संमेलनाला करावी तशी.

तिसरीत एक रस्ता. एका घरासमोर फुटपाथवर सामान मांडलेलं. खुर्च्या, भांडी, दिवा, मुलाचं लाकडी घोडं. एक माणूस स्टुलावर उभा राहून एकेक वस्तू वर धरतोय. गर्दी. बहुतेक बायका. टोप्या घालून, हातात पिशव्या. हसतायत. पोलीस कोपऱ्यात जांभई देतोय. वरच्या मजल्याच्या खिडक्या सताड उघड्या, पडदे काढलेले. आत कोणी नाही. घरमालकीण गर्दीतून पुढे येते. एक पांढरा टेबलक्लॉथ दोन टोकांना धरून उजेडात बघते, कुठे फाटलाय का. मग कॅमेऱ्याकडे वळते. कसा आहे? असं विचारते डोळ्यांनी.

दाराशी पाटी होती. फिल्म थांबवून वाचली. लिलाव. आर्येतर मालकीच्या वस्तू.

चौथी फिल्म. जेवणाचं टेबल. तोच टेबलक्लॉथ. घरमालकीण कोपरा उचलून दाखवते, त्यावर भरतकाम केलेली दोन अक्षरं. एल आणि आर. तिचं नाव डब्यावर वडिलांनी जपानीत लिहिलेलं होतं, श्रीमती ब्राउन. त्या अक्षरांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. ती सगळ्यांना वाढते. आधी पाहुण्याला. म्हणजे कॅमेऱ्याजवळच्या ताटात, सुगावारा-सानच्या वडिलांच्या.

मी मशीन बंद केलं. ती बाई क्रूर दिसत नव्हती, हेच मला सोसेना. ती मला माहीत होती. तिच्या घरी मी जेवले होते.

नाझी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बूट यायचे, मिरवणुका यायच्या. पुस्तकांतून तेच वाचलं होतं. फुटपाथवर उभं राहून चादरी-पातेली निवडणाऱ्या बायका कधी आल्या नव्हत्या. आणि त्या आल्या, तेव्हा त्यांना ओळखायला मला एक क्षणही लागला नाही.

तरी मी तक्त्यात काय लिहिलं? तिसरी फिल्म: रस्ता, बाजार, खरेदी. एवढंच. म्हाताऱ्या बाईचं घर गेलं, तिला कशाला दुखवायचं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला सवय होती.

पुढच्या आठवड्यात सुगावारा-सान बघायला आल्या. घरमालकीण हात हलवताना दिसली तशा त्या रडल्या. "किती चांगली बाई," म्हणाल्या. मग तिसरी फिल्म लागली. त्या पुढे वाकल्या.

"पाटीवर काय लिहिलंय?"

मी तक्त्याकडे बघत राहिले.

"तुम्हाला जर्मन येतं ना?"

मी सांगितलं. ज्यू लोकांच्या घरातलं सामान. त्यांना नेलं, किंवा ते पळाले. मागे राहिलेलं शेजाऱ्यांना विकतायत.

त्यांनी पुढची फिल्म लावायला सांगितली. टेबलक्लॉथचा कोपरा आला तेव्हा "थांबवा" म्हणाल्या. पडद्यावरच्या त्या दोन अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं.

"हा आमच्या घरी होता," त्या म्हणाल्या. "वडील निघाले तेव्हा तिने भेट दिला. आई नववर्षाला टेबलावर घालायची. मी विचारलं होतं, ही अक्षरं कसली. आई म्हणाली, जर्मन आजीचं नाव."

"आता कुठे आहे?"

"समुद्राने नेला."

त्यांनी माझ्यापुढचा तक्ता ओढून घेतला. वाचला.

"तुम्ही बाजार लिहिलंय."

"हो."

"तो बाजार नव्हता ना?"

"नाही."

"मग बदला. आणि कॅमेरा माझ्या वडिलांच्या हातात होता, तेही लिहा. नाव घालून."

"तुम्हाला त्रास होईल," मी म्हटलं.

"होणारच," त्या म्हणाल्या. "वडिलांवर माझं प्रेम आहे. म्हणून काय खोटं लिहायचं?"

मी त्यांच्यासमोर खाडाखोड केली. मला लाज वाटत होती. या बाईकडे वडिलांच्या चार फिल्मशिवाय काहीच उरलं नव्हतं, आणि ती लपवत नव्हती. मी एका शिक्क्यासाठी तीन वर्षं गप्प होते.

त्याच महिन्यात सरांचा फोन आला. तोक्योत, हिगाशी-कसाईला, मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. भूकंपाच्या आठवणी. सर बोलणार होते. "तूही पाच मिनिटं बोल. आपण कसे एकत्र राहिलो ते सांग. तरुण मुलीने सांगितलं की बरं वाटतं."

मी गेले.

सोसायटीचा छोटा हॉल. शंभरेक माणसं असतील. आयटीतली, बँकेतली. मुलं पुढे बसून आपसात जपानीत बोलत होती. सर छान बोलले. "जात, गाव, सगळं विसरून आम्ही एका घरात, एका कुटुंबासारखे राहिलो." टाळ्या. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, मोरपंखी साडीत. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, घाबरू नको अशी.

मी माईक घेतला. कागद आणला नव्हता.

म्हटलं, "सर म्हणाले ते अर्धं खरं आहे. त्यांनी मला घरात घेतलं. वहिनींनी मला रोज आधी वाढलं. मी बौद्ध आहे हे कळल्यावर मी भरलेलं पाणी स्वयंपाकाला चाललं नाही. ते संडासात ठेवायला लावलं. नऊ दिवस. मी ठेवलं. इतरांनी बघितलं."

एवढंच. दोन मिनिटंही झाली नसतील.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "ताई, आजच्या दिवशी हा विषय नको होता."

"मग कोणत्या दिवशी?" मी विचारलं.

वहिनी जागेवरूनच बोलल्या. "अगं, मी तुला पोटच्या पोरीसारखं जेवायला घालत होते."

"हो वहिनी. ते मी सांगितलं ना."

"मग असं का बोलतेस?"

"कारण दोन्ही खरं आहे."

त्या रडायला लागल्या. दोघीतिघी त्यांच्याभोवती जमल्या. माझ्याजवळ कोणी आलं नाही. मी माईक टेबलावर ठेवला, बूट घातले. सर मागोमाग बाहेर आले.

"हे तुला एकटीने येऊन मला सांगता आलं असतं," ते म्हणाले.

"तुम्ही तिथेच होतात, सर."

ते दारातच थांबले. मग म्हणाले, "तुझ्या घराच्या गॅरंटरचं आता तू बघून घे."

"बघते."

आईला फोन केला. पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गॅरंटर मिळेल का दुसरा?" मी म्हटलं, पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या असतात. "मग ठीक आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी असते तर मीही कॅन आत नेला असता. तू पुन्हा नेऊ नकोस."

खोली टिकली. सरांचं घर सुटलं, दिवाळीचं आमंत्रण सुटलं, सेंदाईतली जवळजवळ सगळी मराठी माणसं सुटली. पुण्याच्या मुलाने मेसेज केला: तेव्हा बोलायला हवं होतं, सॉरी. मी उत्तर दिलं नाही. सॉरीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पंधरा दिवसांनी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं होतं, ते सगळ्यांना पाठवायचं होतं. माणूस सज्जन, फार अजिजीने बोलत होता.

"तुमचं बोलणं फार मनापासून होतं, ताई. पण फक्त तेवढा दोन मिनिटांचा भाग काढला तर चालेल का? बाकी कार्यक्रम इतका छान झालाय."

"नाही चालणार."

"मग पूर्ण रेकॉर्डिंगच पाठवता येणार नाही हो. वहिनींना त्रास होईल."

"होणारच," मी म्हटलं.

"तुम्हीच विचार करा. उद्या कोणी बघितलं तर आपल्या लोकांबद्दल काय वाटेल?"

"जे होतं ते वाटेल. पाठवायचं तर पूर्ण पाठवा. नाही पाठवलं तर मी लिहून काढीन. मराठीत."

त्यांनी पाठवलं नाही. म्हणून हे लिहिलं. वहिनी चांगल्या होत्या हे यात आहे. मी गप्प बसले हेही आहे. दोन्हीतलं काहीही कमी करून मागायला यापुढे कोणी येऊ नये. मी देणार नाही.