आक्कांचं घुटं

दुपारची जेवणं उरकली आहेत आणि मालन मधल्या खोलीत सतरंजीवर पडली आहे. झोप यायची काही लक्षणं नाहीत, कारण राग बरोबर घेऊन निजलं की तोच सगळी सतरंजी अडवून बसतो. त्यातून हा राग मेलेल्या माणसावरचा. जित्या माणसाला तोंडावर चार शब्द सुनावता तरी येतात.

उद्या आक्कांचं वर्षश्राद्ध. आक्का म्हणजे मालनची थोरली जाऊ. कराडजवळच्या या गावात त्यांच्या हातच्या उडदाच्या घुट्याचं नाव होतं. सालीसकट उडदाची डाळ मऊ शिजवायची, रवीनं घोटायची, लसूण-मिरचीची फोडणी द्यायची. यात गुपित ते काय असणार? तरी आक्कांचं घुटं सायीसारखं जिभेवर पसरायचं, आणि मालनच्या घुट्यात डाळ एकीकडं, पाणी एकीकडं. तीस वर्षं दोघी शेजारी शेजारी रांधत आल्या. तीस वर्षं मालन म्हणत आली, "तुमच्या हातालाच चव हाय, आक्का." आणि आक्का नुसत्या हसायच्या.

आज सकाळी मालनच्या सुनेनं, मोनालीनं, उद्यासाठी बघू तरी म्हणून थोडं घुटं करून पाहिलं. मालननं बोटभर चाटलं. तेच घुटं. हुबेहूब.

"कुणी शिकवलं गं तुला?"

मोनालीनं ओटा पुसायला घेतला. मग हळूच म्हणाली, "आक्कांकडनंच कळलं, आत्ती. पण त्यांनी शपथ घातलीया. तुमाला तेवढं सांगायचं न्हाई म्हणून."

तुमाला तेवढं! म्हणजे गावभर दवंडी पिटली तरी चालेल, मालनला कळता कामा नये. शेवटच्या दुखण्यात जिनं त्यांची वेणीफणी केली, चमच्यानं पेज भरवली, तिला नाही. परवा लग्न होऊन आलेल्या पोरीला मात्र ठाऊक. मालन त्यानंतर स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नाही. ताटसुद्धा तिनं बाहेरच मागून घेतलं, आणि त्यातलं घुटं तसंच ठेवलं.

पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते. पाठीखालची फरशी गार लागते, मग ती फरशी राहत नाही, सारवलेली जमीन होते. मालन कूस बदलते तर हाताखाली पिठाचा गोळा आहे.

"बस की नीट," समोरून आक्का म्हणतात. "तवा तापलाय."

मालनला नवल वाटत नाही. आक्का चुलीपुढं बसल्या आहेत, पातेल्यात रवी फिरते आहे. मालननं कडाकडा भांडायचं ठरवलेलं असतं, पण हात कुठले ऐकतात. ते आपले भाकरी थापायला लागतात.

"आक्का, तुमी मला फसवलं."

"फसवलं," आक्का म्हणतात. नाही म्हणत नाहीत, मानही वर करत नाहीत.

चुलीचा धूर वर जातो आणि पत्र्याला लागतो. पत्र्याखाली फलाटांचे आकडे रंगवलेले आहेत. हे कराडचं एसटी स्टँड आहे आणि चूल फलाटावर पेटली आहे. मालन ते बाकडं लगेच ओळखते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याशी कडाक्याचं भांडून ती पिशवी घेऊन इथं येऊन बसली होती, परत न जाण्याच्या इराद्यानं. आक्का शोधत आल्या, काही न विचारता शेजारी बसून राहिल्या, आणि संध्याकाळच्या आत तिला घरी घेऊन गेल्या. घरी सांगितलं, दवाखान्यात गेलो होतो. आजतागायत कुणाला पत्ता नाही.

"तुझी ही गोष्ट मी कुणापाशी काढली का?" आक्का विचारतात.

"न्हाई."

"तसंच ते."

"तसं कसं?" मालनचा आवाज चढतो. "ती तुमी माझ्यासाठी झाकली. ही माझ्यापास्नं झाकली."

बाकड्यांवर आता सगळी भावकी बसली आहे, मांडीवर ताटं घेऊन. घुटं भुरकल्याचे आवाज येतात. "घुटं खावं तर आक्कांचंच," कुणीतरी म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. भाकऱ्या कुणी थापल्या ते कुणी विचारत नाही.

मालन हात बुडवायला वाटीकडं वळते तर वाटी जागेवर नाही. भाकरी थापताना हात ओला करायची ती वाटी, पीठ उतरून पांढुरकं झालेलं तिचं पाणी. ती आक्कांच्या हातात आहे. आक्का पातेल्यावर ती उपडी करतात, इतक्या सहज, की बघणाऱ्याला वाटावं वाटी धुवायला उचलली. मालननं हे हजारदा पाहिलं आहे आणि हजारदा तिला तसंच वाटलं आहे. रवी दोनदा फिरते, घुट्याला उकळी येते आणि ते सायीसारखं दाट होतं.

"हे?" मालन विचारते.

"हेच."

"माझ्या हाताचं पाणी."

"तुझ्याच. तू घुटं करायला बसायचीस तवा भाकऱ्या मी थापायची. आन् वाटी मोरीत ओतायची."

मालनच्या जिवाला हे लागतं. चव राहू दे बाजूला. तीस वर्षं न चुकता वाटी मोरीत ओतायची, आणि वर हसायचं!

"का, आक्का?"

"तुला नवरा हुता, पोरं हुती. माझं कुंकू पुसल्यावर त्या घरात माझ्या नावाचं काय राहिलं, सांग बरं. पावणं आलं की म्हणायचं, आक्का, घुटं करा. तेवढंच माझं."

"मी काय हिसकावून घेणार हुते? दोघींचं म्हटलं असतं."

"मला दोघींचं नको हुतं," आक्का म्हणतात. "मला अख्खं पायजे हुतं."

"आन् मोनालीला बरं सांगितलंत?"

"सांगतीय कशाला? तिनं मला वाटी ओतताना धरलं, लगीन हून आल्यापास्नं चार महिन्यांत. तू तीस वर्षं शेजारी बसून बघितलं न्हाईस."

"विश्वास हुता म्हणून बघितलं न्हाई," मालन म्हणते, आणि तिला रडू फुटतं.

आक्कांच्या हातातली रवी थांबते. त्या माफी मागत नाहीत. भुकेल्या पोरीसारखं तोंड करून एवढंच विचारतात, "उद्या माझं घुटं करणार न्हवं?"

"तुमचं?" मालन ओरडते.

"आत्ती, उठा. चहा आणलाय." दारात मोनाली उभी आहे. पंखा फिरतो आहे, बाहेर अजून ऊन आहे.

मालन उठून बसते. डोळे पुसायला हात वर नेते तर गालाला काहीतरी खरखरीत लागतं. तिच्या बोटांच्या बेचक्यांत ज्वारीचं पीठ वाळून बसलं आहे, भेगा पडून. नखंसुद्धा पांढरी आहेत. आज तिनं पिठाला हात लावलेला नाही. ती बोटावर बोट घासते, पीठ भुरभुर पदरावर पडतं.

"हाताला काय लागलंय?" मोनाली विचारते.

"भाकरीच्या वाटीतलं पाणी."

मोनाली कप खाली टेकवते. "कुणी... कुणी सांगितलं तुमाला?"

मालन चहा घेते, एक घोट पिते, मग म्हणते, "उद्या घुटं तू घोट. भाकऱ्या मी थापणार. भावकी येऊन बसली की मला हाक मार. वाटी मी ओतणार, सगळ्यांच्या देखत."

"पण आत्ती, आक्कांची शपथ मोडंल की."

"शपथ तुला घातलीया," मालन म्हणते. "मला कुठं घातली हुती?"